आधण

रात्रीचं तिसरं आधण चुलवाणावर.
तोडणी झालेल्या फडातून गारठा येतो,
पत्र्याखाली शिरतो, काहिलीच्या वाफेला धडकून
आल्या पावली परततो.
तातोबा गुळव्या भेंडीच्या चिकानं वर आलेली मळी
झाऱ्यानं ओढून बाजूला घेतो, बोलत नाही.
खाली, खड्ड्यात, चुलवाणाच्या तोंडाशी
चिपाडाची कवळ, मग कवळ, मग कवळ.
दौलू जळव्या. माझा बाप.
भुवया मी जन्मायच्या आधीच गेल्या त्याच्या.

विद्यापीठातून शेवटच्या बसनं मी थेट कोग्याला उतरले,
पिशवीत भाकरी, चटणी, आणि घडी घातलेला एक कागद.
"काय मोजतीस गं तू तिथं?" बाप दर खेपेला विचारतो,
आज दाखवायचं म्हणून आणलंय.

गुरूच्या चंद्राचं चित्र. आयो.
त्यावर डाग दिसतो तो डाग नाही, तळं आहे,
वितळलेल्या दगडाचं. नाव लोकी.
"कुठल्या लोकी?" तातोबा मान न वळवता.
"तिन्ही तर मला पाठ हायती."
इकडचा काठ रंकाळ्याला टेकवला
तर पलीकडचा कात्रजच्या घाटाला लागेल, मी सांगते.
तो चित्राकडं एकदाच बघतो.
"लई पिवळा हाय. हायड्रॉस टाकलाय."
गंधकच आहे तो, तात्या.
"मग? शाहूपुरीत भाव घेईल."

हसू ओसरल्यावर पुढचं:
तळ्यावर साय धरते, काळी. निवते, जड होते,
आणि मग एका काठापासून बुडायला लागते,
खालचा लाल रस वर येतो,
ती लाट मधल्या बेटाला वळसा घालत
महिनोन्महिने सरकत राहते.
आम्ही दुरून फक्त एवढंच मोजतो,
आज किती तापलंय.

तातोबाची फावडी थांबते.
"काठाकडनंच बुडायची," तो म्हणतो,
"काठ आधी गार हुतोय."
हे वाक्य मी कुठल्या शोधनिबंधात
कुणाच्या नावानं लिहू, कळत नाही.

खड्ड्यातून बापाचा आवाज:
"आणि जाळ कोण घालतंय?"

कुणी नाही.
गुरू एका अंगानं ओढतो,
बाहेरच्या वाटेवरनं दोघी बहिणी दुसऱ्या अंगानं,
त्या ओढाताणीत ती आतून तिंबली जाते, कणकेसारखी,
आणि तापत राहते.
चिपाड लागत नाही.

बराच वेळ नुसता रटरटाट.
मला वाटलं, त्याला कळलं नसेल.
मग चुलवाणाच्या उजेडात चेहरा वर करून:
"ओढाताणीनं तापतंय, ते म्हायती हाय.
पर तोंडाशी कुणीच न्हाई म्हणतीस?
कुणाची भुवई जळत न्हाई?"
नाही, बाबा.
"बरं हाय," तो म्हणतो,
आणि जरा थांबून,
"मग इझवायचं बी कुणाच्या हातात न्हाई."

मी बाहेर येऊन गुरू शोधते.
जोतिबाच्या डोंगरावर आलाय,
त्या काळ्या डोंगरावर, जो कधीकाळी असाच वाहत आला
आणि इतका निवला
की आता त्याच्यावर गुलाल टिकतो.
दिसतोय तो पाऊण तासापूर्वीचा गुरू,
म्हणजे आत मळी वर येऊ लागली तेव्हाचा.
त्याचा चंद्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.
तरी मी बघत उभी राहते,
पायांखाली चिपाडाचा भुगा, ओला.

आत तातोबा थेंबभर पाक गार पाण्यात सोडतो,
बोटांत गोळी वळतो, काहिलीच्या काठावर मारतो.
टण.
"उतरा!"

बाप उचललेली कवळ
परत खाली ठेवतो.